परत आलेल्या झग्यांची कात्री

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी कात्री आहे. माझ्या मुठीचा काळा रंग अंगठ्यापाशी झिजून उडाला आहे. तो झिजवणारा अंगठा एका आईचा आहे, आणि माझी सगळी कहाणी त्या अंगठ्याभोवतीच फिरते.

माझा जन्म भट्टीत झाला. खूप तापले, खूप मार खाल्ला, मग धार आली. तुमच्या गुरुजींना हे वाक्य फार आवडेल. मला मात्र तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं.

आईने मला घरी आणलं तेव्हा तिची लेक रांगत होती. पहिल्याच दिवशी आईने सगळ्या घराला बजावलं, "ही कापडाची कात्री. हिनं कागद कापायचा नाही." कागदाने माझ्यासारखीची धार बोथट होते. पुढे लेकीने एकदा वहीला कव्हर घालायला मला उचललं, तर तिला अशी बोलणी बसली की शाळेत जाईपर्यंत ती हुंदके देत होती.

जिना चढून गेलं की आईची शिवणखोली लागायची. एक खिडकी, एक मशीन, एक लांब टेबल. बाई झगा शिवून घ्यायला आली, की आई मापाची फीत लगेच काढत नसे. आधी बसायला खुर्ची द्यायची, पाणी द्यायची, इकडचं तिकडचं विचारायची. बोलता बोलता ती पाहून घ्यायची, कोणता खांदा उतरता आहे, बसल्यावर कापड कुठे ताणलं जातं, हसताना बाई किती मागे रेलते. "फीत आकडा सांगते, माणूस सांगत नाही," असं ती म्हणायची. मग मी कापडावर चालायचे. झगा घालून बाया आरशासमोर उभ्या राहिल्या की आईच्या हाताचं कौतुक करायच्या, आणि मला वाटायचं, त्यातलं अर्धं माझंच.

मग रस्त्यापलीकडे तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं. जिन्यावरची पावलं विरळ झाली. खोली सोडावी लागणार, मशीन विकावं लागणार, हे आई बोलून दाखवत नव्हती. पण मशीनला तेल घालताना ती त्याला असं कुरवाळायची, जसं काही ते चार दिवसांचं पाहुणं आहे.

लेक आता मोठी झाली होती. ती म्हणाली, आपण ऑनलाइन विकू. मात्र सुरुवातीला अंगाला बसवावे लागणारे कपडे नकोत, साधंसुधं काहीतरी घेऊ. आईला ते लागलं.

"वाण्यानं धान्य सोडून रिकामी पोती विकायची का?" ती म्हणाली. "माझं माप आजवर कधी चुकलेलं नाही."

लेकीने मग आईचंच ऐकलं. लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांचे झगे शिवले गेले. खिडकीच्या उजेडात फोटो निघाले. मागण्या येऊ लागल्या, तेव्हा आईने शेजारच्या काकूंनाही हाक मारून दाखवल्या. पार्सलं बांधायची घाई उडाली. चिकटपट्टी कापायला दुसरं काही हाताशी नव्हतं, तेव्हा आईनेच मला उचललं. मित्रांनो, आपलाच नियम तिने आपल्याच हाताने मोडला. माझ्या पात्यांना गोंद लागला. मी काय बोलणार?

थोड्याच दिवसांत पार्सलं परत येऊ लागली. कुणाला खांदा सैल, कुणाला कंबर घट्ट, कुणी म्हणे रंग फोटोतल्यासारखा नाही. एकीच्या काचेच्या गुंड्याच प्रवासात फुटल्या होत्या. मीच बांधायला मदत केलेले खोके मीच फोडत होते. आई परत आलेला प्रत्येक झगा उलटून शिवण तपासायची. शिवणीत काही चूक सापडत नव्हती, आणि तेच तिला जास्त खुपत होतं.

एक दिवस लेकीने एका बाईची तक्रार वाचून दाखवली. झगा उभं राहिल्यावर छान दिसतो, पण घालून बसता येत नाही.

आईने तो झगा रिकाम्या खुर्चीवर बसल्यासारखा दुमडून ठेवला. मग म्हणाली, "हिला मी बसलेली पाहिलीच नाही गं."

त्याच दुपारी तिने नवं निळं कापड टेबलावर पसरलं आणि मला चालवलं. गोंदाने जड झालेली मी अडखळले, कापड चावलं, दोरे ओढले. मला वाटलं, आता फेकून देते. तिने तेलाची चिंधी घेतली आणि पातं पुसत राहिली. "तुलाही नको ते काम लावलं मी," ती हळूच म्हणाली.

लेक तेव्हा स्वयंपाकघरातून आली. तिने उरल्यासुरल्या तुकड्यांचा, मागे नाडी बांधायचा एप्रन घातला होता. आईनेच कधीतरी शिवलेला. 'मी म्हटलं नव्हतं का,' असं काही ती म्हणाली नाही. एप्रन सोडून तिने आईला बांधला.

"मला बसतो, तुला बसतो, काकूंनाही बसतो," ती म्हणाली. "कंबर जाणे आणि नाडी जाणे. आपण मध्ये पडायचंच नाही."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

त्या दिवशी दोघींनी ठरवलं. जे अंगाला बेतून बसवावं लागतं, वाटेत फुटतं किंवा फोटोत वेगळ्या रंगाचं दिसतं, असं काहीही पार्सलात जाणार नाही. त्या एप्रन आणि पिशव्या शिवू लागल्या. गेलेल्या वस्तू आता क्वचितच परत येतात. खोली टिकली, मशीनही टिकलं. पार्सलांसाठी पिवळ्या मुठीची एक स्वस्त कात्री आणली आहे. ती दिवसभर कचकच करते, पण मनाने चांगली आहे. मला धार लावून आणली, आणि माझ्या मुठीला लाल चिंधी बांधली, म्हणजे कुणी चुकून उचलायला नको.

मित्रांनो, कापडाच्या कात्रीने कागद कापू नका. ज्या हत्याराचं जे काम, तेच त्याला द्या, आणि काम झालं की पुसून ठेवा. पुढे कधी तुम्ही काही विकायला काढाल, तर आपल्याला काय सगळ्यांत छान येतं, एवढंच पाहू नका. समोर माणूस नसताना ते नीट होईल का, हेही विचारा. जे होणार नाही, ते घरी येणाऱ्यासाठी राखून ठेवा.

परवाच जिन्यावर पावलं वाजली. एक अनोळखी बाई दारात उभी होती. एप्रनची शिवण पाहून पत्ता शोधत आली होती. तिला झगा शिवून हवा होता.

आईचा हात फितीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने खुर्ची पुढे ओढली.

"या," ती म्हणाली, "आधी बसा."