पाहुण्याचं चौथं गाणं

मी पाहुण्यांच्या खुर्चीचा हेडफोन बोलतोय. बोलतोय म्हणतो खरा, पण बोलणं हा माझा धंदा नव्हे. बावीस वर्षं लोकांच्या कानांना लागून काढली आणि कधी ब्र काढला नाही. आज मात्र राहवत नाही. जे ऐकलं त्याचा हादरा अजून अंगातून गेलेला नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यापाशी ओळीने बायका बसलेल्या. एकीने तारा जोडल्या, दुसरीने गाद्या चिकटवल्या आणि शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला डोक्यावर चढवून शिटीसारखा आवाज ऐकला, मान हलवली आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते एका रेडिओ केंद्रात, तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, खाली जाड गालिचा, आणि टेबलावर मऊ कापड, कारण घाबरलेली माणसं टेबलावर बोटं वाजवतात. समोर काच. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ बसत. बोट वर करून ‘हं, करा सुरू’ म्हणायची त्यांची सवय शाळामास्तरासारखी, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ताई. कार्यक्रम त्यांचाच. ‘आवडीची पाच’, दर रविवारी सकाळी. पाहुण्याने आपल्या आवडीची पाच गाणी निवडायची आणि त्यांच्या आधाराने आयुष्य सांगायचं. गाणं लागलं की मी ते पाहुण्याच्या कानात घालायचो. आणि त्या बदल्यात पाहुण्याची कानशिलं मला त्यांच्या मनातलं सांगायची. तिथली शीर उडते, कान तापतात, घाम फुटतो. तोंड बंद ठेवता येतं, कानशील नाही.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पहिलं गाणं माणूस लोकांना दाखवायला निवडतो. दुसरं गुरूंसाठी, आईवडिलांसाठी. तिसऱ्याला जरा सैल होतो. चौथ्या गाण्याला मात्र गडी बेसावध असतो. काय सापडायचं ते तिथेच सापडतं.

एक पैलवान आले होते, दरवाजातून आडवे होऊन आत आले म्हणा ना. त्यांचं चौथं गाणं निघालं बाहुलीला झोपवायचं. धाकटी बहीण दवाखान्यात होती तेव्हा ते रोज तिला म्हणायचे. तिचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्या दोन्ही गाद्या ओल्या झाल्या. एक मंत्री आले, त्यांची पाचही गाणी चिटणिसाने निवडलेली. सबंध तासात शीर एकदासुद्धा हलली नाही. आणि एक प्रोफेसर! ‘हे आमच्या सौभाग्यवतींचं आवडतं गाणं,’ असं त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. सौभाग्यवती काचेपलीकडे बसल्या होत्या. मास्तरांना म्हणाल्या, ‘माझं नाही हो हे. मला तर हे गाणं माहीतसुद्धा नाही.’ मास्तरांचं बोट हवेतच राहिलं. दोघं घरी परतली ती वेगवेगळ्या गाड्यांनी.

अशा गोष्टींनी आम्ही हसायचो, हळहळायचो. मला वाटायचं, आता आपल्याला कशाचा धक्का बसायचा नाही. कान किटले इतकं ऐकलं. पण तसं नव्हतं.

मागच्या वर्षी एक मोठे इंजिनिअर पाहुणे म्हणून आले. सगळे त्यांना साहेबच म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, बुटांना पॉलिश. त्यांनी बांधलेल्या पुलांवरून निम्मा देश ये-जा करतो. सोबत मुलगी होती, शाळेत शिकवणारी, चाळिशीला आलेली. ती काचेपलीकडे मास्तरांच्या शेजारी बसली. बापाकडे असं बघत होती, की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

तीन गाणी झाली. चौथं एका म्हाताऱ्या गवयाचं होतं, स्वतः तंतुवाद्य छेडत गाणाऱ्या. तबकडी लावायच्या आधी ताईंनी विचारलं, हेच गाणं का? साहेब हसले. म्हणाले, तबकडीवर आहे त्यापेक्षा मोठी गंमत मी ऐकलीय. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते रेडिओवर, थेट मैफलीत. मध्येच वाद्याची तार तुटली. म्हातारबुवा खळखळून हसले आणि उरलेल्या तारांवर गात राहिले. माझी ही मुलगी तेव्हा पाच वर्षांची, तापाने फणफणलेली. बायको माहेरी. पोरगी माझ्या हातावर झोपली होती, आणि गाणं संपलं की उठू, असं म्हणत मी तसाच बसून राहिलो. फार सुखाची दुपार होती ती.

काचेपलीकडे मुलीने डोळ्यांना पदर लावला. मास्तरांनी गाणं सुरू केलं. गाणं चालू असलं की खोलीतलं बोलणं काचेपलीकडे ऐकू येतं, पण कार्यक्रमात जात नाही. त्या वेळात ताई पाहुण्याशी दोन शब्द बोलतात.  पण ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ती मैफल एकदाच झाली. तिचं ध्वनिमुद्रण झालं नाही, पुन्हा कधी लागली नाही. निवेदक मीच होते. माझा नोकरीतला दुसरा महिना.”

“अरे वा,” साहेब म्हणाले.

“तार तुटली तेव्हा सव्वातीन झाले होते. आणि पावणेचारला माझ्या हातात चिठ्ठी आली. मैफल थांबवून मी धरणाची बातमी वाचली.”

त्या क्षणी साहेबांच्या कानशिलावरची शीर थांबली. मी बावीस वर्षांत असं कधी अनुभवलं नव्हतं. एक ठोका चुकला, आणि मग अशी काही उसळली की गाद्या उडायला लागल्या.

धरणाची गोष्ट कुणाला माहीत नाही? चौतीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी तीनला धरणाचे दरवाजे उघडले. आधी भोंगा वाजायला हवा होता, म्हणजे नदीतली माणसं बाहेर आली असती. भोंगा वाजलाच नाही. धुणं धुणारी, पोहणारी, मासे धरणारी अकरा माणसं वाहून गेली. धरणाचा कारभार तेव्हा साहेबांकडे होता. दरवाजे उघडायचा लेखी हुकूम त्यांनी सकाळीच काढून ठेवला होता, पण भोंगा त्यांच्या तोंडी हुकमाशिवाय वाजवायचा नाही असा नियम होता. साहेबांनी चौकशीत शपथेवर सांगितलं, की मी दोन वाजल्यापासून कचेरीतच होतो आणि तीनच्या आधी भोंगेवाल्याला फोनवरून हुकूम दिला. भोंगेवाला म्हणत राहिला, फोन आलाच नाही. साहेबांचा शब्द मोठा, भोंगेवाल्याचा कोण ऐकतो? कामावर झोपला, असं ठरलं. नोकरी गेली, दोन वर्षं तुरुंगवास झाला. तो निकालही ताईंनीच बातम्यांत वाचला होता.

साहेबांनी मला डोक्यावरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. माझ्यातून अजून गाणं झिरपत होतं. ते म्हणाले, तुमची काहीतरी गफलत होतेय, दुसरी मैफल असेल. मग म्हणाले, हा भाग कापा.

तेवढ्यात जड दार उघडून मुलगी आत आली. काचेपलीकडे तिने सगळं ऐकलं होतं.

“बाबा, ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले,” ती म्हणाली. “वर्गात सांगितली, नवऱ्याला सांगितली. माझे बाबा एवढे कामाचे, पण एक दुपार माझ्या उशाशी बसून राहिले. ती दुपार ही होती?”

साहेबांनी मान वर केली नाही. तोच त्यांचा होकार होता. तिला खुर्ची दिली तर बसेना. भिंतीला टेकून उभी राहिली आणि आपला उजवा हात असा धरून राहिली, जणू भाजलाय.

ताईंनी आवाज चढवला नाही. एवढंच सांगितलं, की कापून लावणार नाही. लागलं तर सगळं लागेल, नाहीतर काहीच नाही. ठरवायचं तुम्ही.

त्या रविवारी जुनाच भाग लागला. पुढच्या रविवारीही जुनाच. मास्तर रोज येऊन माझी तार नीट गुंडाळून ठेवत. पंधराव्या दिवशी साहेब आले. मुलीनेच आणलं होतं, पण ती त्यांच्या शेजारून चालली नाही, दोन पावलं मागून आली. साहेबांनी स्वतःच्या हातांनी मला डोक्यावर चढवलं. एकही गाणं लावलं नाही. अकरा मिनिटं बोलले. घरून भोंगेवाल्याला फोन करायचा, हेही त्या गाण्याच्या नादात राहिलं, असं म्हणाले. भोंगेवाल्याचं नाव त्यांनी पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट. चौतीस वर्षं ते नाव त्यांना पाठ होतं, याचाच मला दुसरा हादरा बसला.

भाग लागला आणि एकच कल्लोळ उठला. फोन, पत्रं, दारात गर्दी. बंद झालेली चौकशी पुन्हा उघडली. साहेब म्हणाले, मला जी शिक्षा द्यायची ती द्या. ते आता शिक्षेच्या वाटेवर आहेत, त्यांच्याविषयी मी अधिक बोलत नाही.

दोन महिन्यांनी ताईंनी भोंगेवाल्याला बोलावलं. पाचही गाणी त्यांच्या आवडीची, असं कळवलं. ते आले, सोबत बायको. उंच, हडकुळे, लाकडाच्या वखारीत आयुष्य काढलेले. हातावर जागोजागी कुसळं शिरल्याचे व्रण. बायको बुटकी, ठणठणीत आवाजाची. तिने आल्या आल्या सांगितलं, यांना ऐकू येत नाही, भोंग्यापाशी अकरा वर्षं काढली, कान तिथेच गेले. मी मोठ्याने सांगेन तेव्हा कळेल.

म्हणजे मी बिनकामाचा. तरी ताईंनी मला त्यांच्या डोक्यावर ठेवलं. ते कान थंडगार होते. मी जीव तोडून वाजलो तरी आत काही पोहोचत नव्हतं.

बायकोने कानाशी ओरडून विचारलं, गाणी कोणती लावायची? ते म्हणाले, पाच नकोत, एकच. आणि त्यांनी सांगितलं ते एक साधंसं, पाणी भरताना म्हणायचं गाणं. बायको चमकली. ताईंनी खुणेने विचारलं, हे का?

“ही म्हणायची,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज फार मोठा होता. “लग्न झाल्यापासून रोज. भोंग्याने कान जात चालले होते, तरी हिचं ऐकू यायचं. धरणाच्या त्या दिवसापासून हिने बंद केलं. मी तुरुंगातून आलो तरी म्हटलं नाही. ते बंद झालेलं मात्र मला ऐकू आलं.”

 मग बायकोने सांगितलं. वाहून गेलेल्या त्या अकरांत तिचा धाकटा भाऊ होता, सतरा वर्षांचा. नवऱ्याला तिने जेवायला घातलं, तुरुंगात डबे नेले, लोकांनी हाकललं तेव्हा त्याच्याबरोबर तीन वेळा घर बदललं. पण भोंगा का वाजला नाही, हे एकदाही विचारलं नाही.

“विचारायचं काय,” ती म्हणाली. “मला वाटायचं, हे झोपलेच असणार.”

हे मात्र तिने हळू म्हटलं होतं. त्यांना ऐकू जायचं कारण नव्हतं. पण ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

“माहीत होतं मला,” ते म्हणाले.

तिने माझ्याकडे हात केला. त्यांच्या डोक्यावरून मला काढून स्वतःच्या डोक्यावर चढवलं. मास्तरांनी बोट वर केलं, गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्याला तिच्या कानशिलाखाली काय चाललं होतं ते मी सांगणार नाही, तेवढं तिचं तिच्यापाशी राहू दे. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ. नवरा पुढे वाकून ते ओठ वाचत होता आणि टेबलावरच्या मऊ कापडावर बोटाने ठेका धरत होता.

नंतर ताईंनी साहेबांबद्दल विचारलं. बायकोने ओरडून सांगितलं.  ते म्हणाले, “साहेब घरी गेले त्याचं काही नाही. पोरीला ताप होता, मीही गेलो असतो. मला एक शब्द सांगून जायचं होतं. मी भोंग्यापाशीच बसलो होतो, सबंध दिवस.”

तो भाग कुठेही न कापता लागला.

आता माझी डावी बाजू खरखरते. गाद्यांचा चुरा पाहुण्यांच्या केसांत पडतो. कपाटात बिनतारेचे नवे हेडफोन येऊन बसलेत, लवकरच माझी जागा त्यांना मिळेल, आणि मिळावी. मी काही कायमचा नव्हे. मास्तर, ताई, तुम्हाला एकच मागणं आहे. मला खोक्यात ठेवाल त्या दिवशी कामाच्या घाईत नुसतं झाकण लावू नका. एक शब्द सांगा. मी इथेच आहे, ऐकतोय.