नवसाचा माणूस

उच्चार.
परळच्या काचेच्या टॉवरमधल्या जाहिरात कंपनीत देवदत्त सर हा शब्द लांबवून म्हणत, “डिव्होऽटेड.” सर मूळचे फणसवाडीचे. बोलणं शुद्ध, पण सुट्टी देताना हात आखडता.

अर्थ.
रविवारी क्लायंट येणार, म्हणून सगळ्यांनी छातीवर हा शब्द छापलेला टी-शर्ट घालून कामावर हजर राहायचं. नेमका त्याच दिवशी तिथेच काम करणाऱ्या सम्यकच्या धाकट्या बहिणीचा, दीपिकाचा साखरपुडा. नायगावच्या चाळीखाली मांडव पडायचा होता.

सम्यकने सुट्टी मागितली तर सर म्हणाले, “डिव्होटेड माणूस सुट्टी मागतो का रे? त्यापेक्षा पाठीवर छापायला मराठी शब्द दे. तुझं मराठी चांगलंय.”

दीपिकाचा फोन आलाच. “दादा, तू नसशील तर मी अंगठी घालून घेणार नाही. सांगून ठेवते.”

व्युत्पत्ती.
सम्यक चिडून शोधायला बसला. मूळ शब्द लॅटिन. देवापुढे शब्द देणे, म्हणजे आपल्याकडचं नवस बोलणं. डिव्होटेड म्हणजे नवसात देऊन टाकलेला. त्याच्या डोळ्यांपुढे बोकड उभा राहिला : गळ्यात हार, कपाळाला गुलाल, आणि विचारलेलं कोणी नाही.

हसू दाबत त्याने शब्द पाठवला.

वाक्यात उपयोग.
“नवसाचा?” सर तरातरा त्याच्या टेबलाशी आले. “हे छापू पाठीवर?”

“मूळ अर्थ तोच आहे, सर. फक्त माझा शर्ट छापू नका. आम्ही बौद्ध. आजोबांपासून घरात नवस बंद.”

“अरे, पण मी क्लायंटला शब्द दिलाय!”

“म्हणजे नवस बोललात तुम्ही. मग फेडायचाही तुम्हीच ना?”

शेजारी चहा पिणाऱ्या उर्वीला ठसका लागला.

पर्यायी शब्द.
सर लालबुंद झाले. “राहू दे. ‘कटिबद्ध’ छापा.”

“कटि म्हणजे कंबर,” सम्यक पुन्हा कीबोर्डकडे वळला. “बद्ध म्हणजे बांधलेला. कोणी बांधलेला, ते बघून सांगतो.”

“नको! तू काही बघू नकोस. तू रविवारी येऊच नकोस!”

विरुद्धार्थी.
त्याने लगेच दीपिकाला फोन लावला. “येतोय मी.”

“खरंच? त्या खडूसाने सोडलं? नवसबिवस बोललास की काय रे?”

“नाही गं. बोकड सुटला.”