तीस वर्षांची गाडी, तीन महिन्यांचं स्वयंपाकघर

गेर्लिंडे हेफेले ही बाई आयुष्यात कुठल्या परीक्षेला घाबरली नव्हती, आणि त्या बुधवारी तर मुळीच नव्हती. परीक्षा तिची नव्हतीच म्हणा, तिच्या गाडीची होती. पण गेर्लिंडेच्या लेखी त्यात काडीचा फरक नव्हता.

गाडी पिवळी, डिझेलची, मूळची टपालाची. नव्व्याण्णव साली तिच्या नवऱ्यानं, ओटमारनं, ती घेतली आणि एका उन्हाळ्यात आतून तिचं घर केलं. पलंग, शेगडी, बेसिन, दोन कपाटं, सगळं स्वतःच्या हातचं. दर शुक्रवारी दोघं निघायची ती रविवारी रात्रीच परतायची. मग सतरा वर्षांपूर्वी श्टुटगार्ट शहरानं नियम काढला, की ज्या गाडीच्या काचेवर कमी धुराची हिरवी चकती नाही तिनं शहरात चाकसुद्धा घालायचं नाही. ही गाडी धूर सोडणारी, तिला कुठली मिळतेय चकती! शेवटी डोंगरावरच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात तिला ठेवावं लागलं. तेव्हापासून सहलीला जायचं तर आधी गाडीपर्यंतची सहल करायची: आगगाडी, मग बस, मग पाठीवर पिशव्या लादून दोन किलोमीटर चढ. सहा वर्षांपूर्वी ओटमार गेला, तरी बाई जातच राहिली. “एकटीच?” असं कुणी विचारलं की म्हणायची, “एकटी कशी? गाडी आहे ना!”

आता शेतकऱ्यानं कोठार विकलं होतं. एकतीस मेच्या आत गाडी हलवायची. हलवून नेणार कुठे? घरासमोरच्या रस्त्यावर, नाहीतर भंगारवाल्याकडे. त्या भंगारवाल्याचे दोन फोन येऊनही गेले होते, मेल्याचे.

पण कायद्याला एक मागचं दार होतं. गाडी तीस वर्षांची झाली आणि जुन्या रूपात नीट राखलेली असली, तर तिला ऐतिहासिक म्हणून वेगळा नंबर मिळतो. नंबराच्या शेवटी एक जादा अक्षर. ते अक्षर असलं की हिरवी चकती नको की काही नको, शहरात खुशाल फिरा. आता बघा गंमत! एकोणतीस वर्षांची गाडी हवेचा घात करणारी, आणि तीच तीस वर्षांची झाली की देशाचा ठेवा. धूर तोच. असो. कायदा काही गेर्लिंडेनं केला नव्हता, आणि तिला त्याच्याशी भांडायचंही नव्हतं. तिला तो वापरायचा होता. बारा मेला गाडीला तीस वर्षं पूर्ण झाली आणि चौदा मेला बाई शहराबाहेरच्या तपासणी केंद्राच्या दारात हजर.

आणि तयारी म्हणाल तर विचारू नका. हे श्टुटगार्टचे लोक स्वच्छतेचे किती पक्के, ते त्यांच्या जिन्यात जाऊन बघावं. गेर्लिंडेच्या इमारतीत जिना पुसायची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरते. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते, आणि कोपऱ्यात धूळ राहिली तर पुढचा आठवडाभर कुणी त्याला धड नमस्कार करत नाही. अशा घरातली बाई गाडी परीक्षेला नेते म्हटल्यावर हातचं राखून थोडीच ठेवणार? अख्खा हिवाळा ती त्या कोठारात राबली होती. गंज खरवडला, बाहेरून पिवळा रंग मूळचाच दिला. आणि आतली ओटमारची ती तपकिरी कपाटं, नारिंगी सनमायका, फुलाफुलांचे पडदे, सगळं काढून टाकून पांढरंशुभ्र नवं स्वयंपाकघर बसवलं. कसं लख्ख दिसत होतं!

तपासणीला होती युरिच नावाची चाळिशीची बाई. इंजिन बघितलं, खालून टॉर्च मारली, ठोकून बघितलं. “व्वा,” म्हणाली, “गंज नावालाही नाही.” गेर्लिंडेची मान ताठ झाली. मग युरिचबाईनं बाजूचं दार सरकवलं आणि तिथंच थबकली.

“हे काय आहे?”

“स्वयंपाकघर. नवंकोरं!” गेर्लिंडे म्हणाली.

“तेच म्हणतेय मी. हेफेलेबाई, माझ्यासमोर तीस वर्षांची गाडी आहे आणि तिच्या पोटात तीन महिन्यांचं स्वयंपाकघर.”

“मग? घाण दाखवायला हवी होती का तुम्हाला?”

“घाण नको. जुनं हवं. त्या काळचं. गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत जे बसवलं असेल ते चालतं, नंतरचं चालत नाही. जुनं सामान कुठाय?”

बहात्तर वर्षांच्या गेर्लिंडेनं पांढऱ्या ओट्यावरून उगाच बोट फिरवलं. 

“जुनं बसवून आणा, मी डोळे मिटून सही करते,” युरिचबाई म्हणाली. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, त्यामुळे आणखीच झोंबलं. “दर वर्षी चार-पाच जण येतात हो असे. सगळे आपल्याच भागातले. इतकं घासतात, इतकं घासतात, की परीक्षेचा विषयच पुसून टाकतात.”

पडद्यांची काळजी नव्हती. पडद्यांची तिनं धूळ पुसायची सहा फडकी केली होती. टाकून थोडंच देणार? सहाही घरात घडी करून ठेवलेली होती, पुन्हा जोडून शिवता आली असती. प्रश्न कपाटांचा होता. कपाटं तिनं मार्चमध्ये शेतकऱ्याच्या टेंपोतून शहरात आणून, मोठं सामान टाकायच्या दिवशी घरासमोरच्या फुटपाथवर ठेवली होती. तिथं ठेवलेलं सामान ज्याला हवं त्यानं न्यावं, ही रीतच आहे. आणि कुणी नेली तेही तिला पक्कं ठाऊक होतं, हेच तर दुखणं होतं. तळमजल्यावरच्या एबर्लेनं. जिना पुसता पुसता तो स्वतःच म्हणाला होता, “चांगलं लाकूड टाकून दिलंत, हेफेलेबाई. मी नेलं बागेतल्या खोपटाला.” आणि हिनं काय म्हणावं? “न्या न्या, खुशाल न्या! जुनी अडगळ शोभेल तुम्हाला!”

हा एबर्ले म्हणजे तोच, ज्यानं तेव्हा त्यांच्या गाडीची पालिकेत तक्रार केली होती. नियम लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. ओटमारला दंडाची चिठ्ठी आली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत ‘सुप्रभात’ आणि ‘पाळी तुमची’ यापलीकडे शब्द नव्हता. रोझविथा, त्याची बायको, ती तर कित्येक वर्षांत दिसलीच नव्हती. गेर्लिंडे तिला मनातल्या मनात ‘बंद खिडकीतली महाराणी’ म्हणायची.

अशा माणसाकडे हात पसरायचा! दुसरी कुणी असती तर गाडी भंगारात घालून मोकळी झाली असती. गेर्लिंडेनं गाडी वळवली आणि थेट एबर्लेच्या बागेवर नेली. बाग शहराच्या हद्दीबाहेर, त्यामुळे तिथवर जायला चकती लागत नव्हती.

एबर्ले वाफ्यात बीन्सच्या काठ्या रोवत होता. पिवळी गाडी फाटकाशी आली तसा तो ताठ उभा राहिला.

“इंजिन बंद करा,” हा त्याचा पहिला शब्द.

तिनं बंद केलं. उतरली आणि आडवळण न घेता म्हणाली, “एबर्ले, माझी चूक झाली. ती कपाटं मला परत हवीत. त्यांच्याशिवाय गाडी पास होत नाही, आणि पास झाली नाही तर एकतीस तारखेला ती भंगारात जाते.”

“ती अडगळ?”

“हो, तीच. बोला काय बोलायचं ते. ऐकून घेते.”

एबर्लेनं हातातली काठी रोवली, माती दाबली, आणि मगच बोलला. “खोपटात लावलीत मी ती. फळी न फळी. तुमच्या ओटमारनं एक स्क्रूसुद्धा वाकडा मारलेला नाही. माणूस नेटका होता. सकाळी दहा-दहा मिनिटं इंजिन गरम करायचा, तेवढं सोडलं तर.”

“डिझेल गाडी आहे. गरम करायलाच लागायची.”

“आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली?” एबर्लेचा आवाज चढला. “दर शुक्रवारी! रोझविथाला दमा आहे, हेफेलेबाई. तुम्ही तिकडे तळ्याकाठी कॉफी पीत बसायचात, आणि मी इकडे शुक्रवारभर तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचो. उन्हाळ्यातसुद्धा खिडकी उघडायची सोय नाही.”

गेर्लिंडे वाफ्यापर्यंत आली. “मग सांगायचं नाही का? एकाच इमारतीत राहतो आपण!”

“सांगितलं की! जिन्यात कागद लावला होता. ‘कृपया इंजिन खिडकीपासून दूर सुरू करावे, घरात आजारी माणूस आहे.’ दोन दिवसांत कुणीतरी फाडून टाकला. मग मी म्हटलं, ठीक आहे. यांना माणसाची भाषा कळत नाही, नियमाची कळेल. नियम आला, आणि मी तक्रार केली.”

तो कागद कुणी काढला होता, ते गेर्लिंडेला लख्ख आठवलं. तिची पाळी होती. भिंतीवर वाकडा चिकटवलेला कागद दिसला, आणि जिन्यात कागद चिकटवायचे नाहीत हा इमारतीचा नियम. तिनं तो न वाचताच खरवडून काढला होता, वर ओल्या फडक्यानं भिंतीवरचा डिंकही पुसला होता. किती खूश झाली होती तेव्हा स्वतःवर!

“मीच काढला तो,” ती म्हणाली. “वाचलाही नाही. स्वच्छता करत होते.”  तिनं ढिगातली एक काठी उचलून त्याच्या हातात दिली. “रोझविथाची माफी मागायला कुठल्या तोंडानं येऊ, ते कळत नाही.”

एबर्लेनं तीही काठी रोवली. मग खोपटात गेला. आतून बशांचा खडखडाट ऐकू आला. कपाटं रिकामी करत होता तो. एक-एक बशी मोजून टेबलावर ठेवत होता.

“म्हणजे देताय?” गेर्लिंडे दारात उभी राहून म्हणाली.

“गाडी तीस वर्षांची झाली ना? मग नियमानं तुम्हाला ती नंबराची पाटी मिळायला हवी. मी नियमाप्रमाणे तक्रार केली, नियमाप्रमाणे कपाटं देतो. उद्या गाडी खिडकीखाली आणून उभी कराल, तेही नियमाप्रमाणेच होईल. तेव्हा मी तोंड उघडणार नाही.” मग आणखी एक बशी ठेवून म्हणाला, “ती पांढरी कपाटं टाकून देणार असाल तर इथं लावून जा. बशा ठेवणार कुठं मी?”

यापेक्षा त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं गेर्लिंडेला वाटलं. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत अदलाबदल केली. स्क्रू कुठला कुठं यावरून तीनदा वाद झाला. पांढऱ्या कपाटाचं दार घट्ट बसत नाही, हेही एबर्लेनं तिला दोनदा ऐकवलं.

पुढच्या आठवड्यात युरिचबाईनं दार सरकवलं. तपकिरी कपाटं, नारिंगी सनमायका, आणि सहा तुकडे जोडून शिवलेले फुलाफुलांचे पडदे. “आता कसं!” म्हणून तिनं सही ठोकली. एकोणतीस तारखेला गेर्लिंडे नव्या नंबराच्या पाट्या काखेत मारून आगगाडीनं, बसनं आणि पायी, असा तो चढ शेवटचा चढली. पाट्या लावल्या, कोठार झाडून घेतलं. विकलेलं कोठारसुद्धा झाडून दिलं तिनं! आणि मग पिवळी गाडी घेऊन ती डोंगर उतरली.

शहराच्या वेशीवर ‘चकतीशिवाय प्रवेश नाही’ ही पाटी आली. इतकी वर्षं त्या पाटीच्या पुढे तिला गाडी नेता आली नव्हती. आज तिनं वेगसुद्धा कमी केला नाही. तिच्या मनात सगळं ठरलेलं होतं. हॉर्न वाजवत गल्लीत शिरायचं. सगळ्या खिडक्या उघडल्या पाहिजेत. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून गाडी दारात लावायची, आणि घरातल्या चपलांवर खाली येऊन सामान भरायचं, ओटमार होता तेव्हा भरायची तसं. हे सगळं तिनं सतरा वर्षं मनात घोळवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी, जिथून उतार सुरू होतो तिथं, तिनं गाडी थांबवली. आरशात बघितलं. मागे निळसर धूर रेंगाळत होता. तिनं इंजिन बंद केलं. मग हँडब्रेक ओढून उतरली, चालत घरापर्यंत गेली आणि तळमजल्याची घंटी वाजवली.

एबर्ले घरातल्या चपला घालूनच दारात आला. वर गल्लीच्या तोंडाशी पिवळी गाडी दिसली तसा म्हणाला, “आलात? आणि इतक्यात बंदही पडली?”

“पडली नाही, बंद केली. बाहेर या, ढकलायला माणूस हवाय. एकदा हलली की दारापर्यंत उतारच आहे. आणि शुक्रवारी जाताना खालच्या चौकापर्यंत ढकलायची, तिथं सुरू करीन.”

“उगाच कशाला? आता तर कायदा तुमच्या बाजूनं आहे.”

“कायद्याला दमा नसतो, एबर्ले. बूट घाला आणि चला.”

 तो आत वळून काहीतरी बोलला, आतून एका बाईचं हसणं आणि पाठोपाठ खोकला ऐकू आला. तो बूट घालून आला, तिच्याबरोबर चढ चढला, गाडीला एक फेरी मारून मागे जाऊन उभा राहिला. गेर्लिंडे आत बसली, किल्ली अर्धी फिरवली, स्टिअरिंग धरलं.

“ढकला!”

एबर्लेनं दोन्ही हात गाडीच्या मागच्या दाराला टेकले. “आधी ब्रेक काढा, हेफेलेबाई.”