केसभर लांब काडतूस

मित्रांनो, मी एक जुना, डायलचा व्हर्नियर आहे. दोन जबडे, एक सरकती पट्टी आणि घड्याळासारखी तबकडी, एवढंच माझं रूप. जबड्यात वस्तू धरली की सुई तिचं माप सांगते. मला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे बहुतेक माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

माझी उमेदीची वर्षं माजलगावात रामेश्वरमामांच्या लेथवर गेली. कारखान्याचे शाफ्ट घेऊन गिऱ्हाइकं यायची आणि म्हणायची, "अंदाजे घासून द्या, लई बारीक नगं." अंदाजे म्हणणारी माणसं मला तेव्हापासूनच आवडत नाहीत. मामा त्यांच्याकडे लक्ष न देता मला हातात घ्यायचे. पुढे मामांचे गुडघे गेले, लेथ बंद पडला आणि मी गंजक्या पान्यांबरोबर एका डब्यात जाऊन पडलो. केसाची जाडी सांगणाऱ्या मला पान्यांची संगत मिळाली.

तिथून मला मामांच्या भाचीनं, तेलगावच्या स्वप्नालीनं बाहेर काढलं. ती रायफलीनं लांबच्या निशाण्यावर नेम धरणारी स्पर्धक. परवाना तिच्या नावावर आणि काडतुसं घरी भरायची परवानगीही रीतसर काढलेली. काडतुसाची बुडापासून टोकापर्यंतची लांबी किती ठेवायची, हा तिचा रोजचा विचार. फार आखूड झालं तर दाब बिघडतो. फार लांब झालं तर टोकाची गोळी नळीच्या आतल्या खाचांत जाऊन रुतते. प्रत्येक रायफलीची तऱ्हा वेगळी. स्वप्नालीनं थोड्या थोड्या फरकानं काडतुसं भरली, सरावात झाडून पाहिली आणि ज्या लांबीला कागदावरची छिद्रं अगदी जवळजवळ पडली ती निवडली. खाचांपासून केसभर अलीकडची होती ती. मला वापरण्याआधी ती जबडे पुसायची, मिटायची आणि सुई शून्यावर आहे का ते पाहायची. तिच्याविषयी मला त्या वेळी तक्रार नव्हती.

तक्रार होती ती तिच्या वडिलांविषयी. बद्रीनाथराव म्हणजे ऊस, ट्रॅक्टर, पांढरेशुभ्र कपडे आणि गावातल्या प्रत्येक फलकावर फोटो. "केसभरानं काय व्हतंय गं?" असं ते लेकीला विचारायचे. मला ते 'पाना' म्हणत.

खंडेनवमी आली. स्वप्नाली सरावाला गेली होती. बद्रीनाथरावांनी ट्रॅक्टर, नांगर, विळे असं सगळं मांडलं आणि फोटोवाल्याला बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा कालवलेलं हळदकुंकू त्यांनी थेट माझ्या जबड्यांत भरलं. जबडे मिटले, पण मधे कुंकवाचा थर राहिला. साहजिकच सुई शून्याच्या पुढे थांबली.

"हनुमान, ह्याची सुई वाकडी झाली बे," ते गड्याला म्हणाले.

"ताईला इचारा, मालक."

"तिला काय इचारायचं? म्या करतो सरळ."

आणि त्यांनी तबकडी फिरवून शून्य सुईखाली आणून ठेवलं. फोटो काढला गेला. मला नमस्कारही झाला. ज्याला माझा उपयोग ठाऊक नव्हता त्यानं माझ्या पाया पडावं, याचा मला काय आनंद होणार?

निवड चाचणी तोंडावर आली होती. त्यात पहिल्या काहींत आली तर स्वप्नालीला राज्याच्या संघात जागा, नाहीतर पुन्हा वर्षभर वाट पाहणं. बद्रीनाथरावांनी मात्र चाचणीच्या आधीच माजलगावात तिचा सत्कार ठेवला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार. हार गळ्यात घालून बिचारी दिवसभर भाषणं ऐकत बसली. दिवस मावळता घरी आली आणि घाईघाईनं काडतुसं भरायला बसली. माझ्या जबड्यातलं वाळलेलं कुंकू तिनं स्वच्छ पुसलं. पण जबडे मिटून सुई पाहिली नाही. थर गेला होता आणि फिरवलेली तबकडी तशीच होती. मी प्रत्येक काडतुसाचं माप कमी दाखवत गेलो, ती प्रत्येक काडतूस लांब ठेवत गेली.

चाचणीच्या मैदानावर तिनं पहिलं काडतूस आत घातलं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट जड लागला. तेवढ्यात समोरचा निशाण्याचा एक फलक अडकला म्हणून सगळ्यांना रायफली रिकाम्या करायला सांगितलं. तिनं बोल्ट मागे ओढला. पितळी नळकांडं बाहेर आलं, गोळी खाचांत रुतून आतच राहिली आणि दारू यंत्रात सांडली. उरलेली काडतुसंही तेवढीच लांब. तिच्यापुरती चाचणी संपली.

"बंदूकच खोटी हाय," बद्रीनाथराव ओरडले. नाचता येईना त्याचं अंगण नेहमीच वाकडं असतं.

विजयमालाबाई तिथल्या पंच होत्या. त्यांनी विचारलं, "काडतुसं मोजली कशानं?" स्वप्नालीनं पेटीतून मला काढून दिलं आणि त्यांनी जबडे मिटले. सुई शून्याच्या अलीकडे थांबली.

"आता कावून वाकडी झाली? नवमीला म्याच सरळ केलती की," बद्रीनाथराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. स्वप्नालीला सगळं कळलं. बापाकडे बोट दाखवायला तिला कुणी अडवलं नव्हतं. ती म्हणाली, "मिटून बघायचं काम माझं होतं. म्या बघितलं न्हाई."

मग ती मला घेऊन जीपमध्ये जाऊन बसली आणि रडली. बद्रीनाथराव बराच वेळ बाहेर उभे राहिले. शेवटी आत आले आणि मला उचलून म्हणाले, "हे शून्य कसं लावत्यात, सांग."

तिनं डोळे पुसत सांगितलं. त्यांनी कडक इस्त्रीच्या रुमालानं जबडे पुसले, मिटले, उजेडाकडे धरले. "फट न्हाई," ते म्हणाले.

"हाय, आबा. परत पुसा."

त्यांनी परत पुसलं. पुसायची रीत अगदीच गबाळी होती आणि मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. पण दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट हा माणूस पुन्हा करतोय, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मित्रांनो, अवजारापुढे हात जोडणारे पुष्कळ आहेत, त्यांत तुमची भर नको. आधी पुसा, मग मिटून पाहा, मग कामाला लागा. पाया पडायचंच असेल तर ते सगळं झाल्यावर, वेळ उरला तर.