पाठमोरा खोकला

मित्रांनो, मी एक जुनी द्राक्षवेल आहे. आहे म्हणू की होते म्हणू, हे माझं मलाच अजून नीट ठरवता येत नाही. ज्या अंगणात मी वाढले तिथलं माझं जाड खोड कधीच तोडून टाकलं गेलं. तिथल्या फरशीवर आता माझी सावली पडत नाही. तरी मी तुमच्याशी बोलते आहे. घाबरू नका. गोष्ट शेवटपर्यंत ऐकलीत की सगळं उलगडेल.

माझं अंगण परतूरला, स्टेशनमागच्या गल्लीत होतं. घर बदरोद्दीन चाचांचं. ते कापूस पिंजून गाद्या भरायचे. दौलताबादकडच्या एका मळ्यातून त्यांनी मला आणलं, तेव्हा मी बोटाएवढी काडी होते. ओल्या कापसात गुंडाळून, खिशात घालून त्यांनी मला रेल्वेनं आणलं आणि मोरीच्या पाण्यावर लावलं. जुन्या पलंगाच्या पाइपांचा मांडव केला. बघता बघता मी त्यावर पसरले. माझ्या सावलीत चाचांची गादी भरायची जागा झाली.

माझी द्राक्षं काळी, बारीक, जाड सालीची. आत बिया. बाजारातल्या लांबट हिरव्या द्राक्षांपुढे ती गरीबच दिसायची. शेजारचे राधेश्याम शेठ मुद्दाम दारात थांबून म्हणायचे, "बदरूभाई, ही द्राक्षं हायेत का करवंदं? पोपट बी तोंड वाकडं करून राह्यला!"

"पोपट तं खाऊन उडाला, शेठ," चाचा पिंजता पिंजता म्हणायचे. "तोंड तुमचं वाकडं हाय."

मला ते शब्द फार आवडायचे. कौतुक कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

चाचांना दोन खोकले होते. एक छातीतला, कापसाच्या तंतूंनी दिलेला. तो कधीही यायचा. दुसरा मात्र ते मुद्दाम काढायचे. आमच्याकडे एक समजूत आहे, तुमच्या आजीलाही ती ठाऊक असेल. मागून घेतलेली काडी लागत नाही, चोरून नेलेली लागते. म्हणून कुणी माझी काडी मागायला आलं की चाचा काहीच द्यायचे नाहीत. ते उठायचे, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि कोरडं खोकायचे. "अहं... अहं." म्हणजे, मी बघत नाही, घे तोडून. येणारा हसत हसत काडी तोडायचा आणि पळायचा. कोण नेतं, कुठं नेतं, ते चाचा विचारायचे नाहीत. चोराचं नाव विचारलं तर ती चोरी कसली?

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी राजूरकडचं एक धनगर कुटुंब मेंढ्या घेऊन गल्लीमागच्या रानात उतरलं होतं. त्यातली आसराबाई पोटुशी होती. ती दारात उभी राहून माझ्या घडांकडे बघत राहिली. चाचांच्या बायकोनं, मेहरुन्निसा चाचीनं, तिच्या पदरात एक घड टाकला.

"आंबट लागला तं थुकून टाक गं."

"आंबटच पायजे व्हता, भाभी," आसराबाई म्हणाली आणि बियांसकट खाऊन मोकळी झाली. मग लाजत म्हणाली, "येक काडी द्या की. माझ्या दारात लावीन."

चाचा उठले. भिंतीकडे वळले. "अहं... अहं."

आसराबाईला आधी काही कळेना. चाचीनं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा तिनं पटकन काडी तोडली. दुसऱ्या सकाळी रान रिकामं होतं.

मित्रांनो, त्यानंतर काही वर्षांनी मला एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. आमच्या गल्लीत एकही देऊळ नव्हतं, पण भल्या पहाटे मला घंटा ऐकू यायच्या. कधी मेंढीचं ओलं नाक माझ्या खोडाला लागल्यासारखं वाटायचं. खाली बघावं तर अंगणात फक्त कोंबड्या. परतूरला टिपूस नसताना माझी पानं ओली झाल्यासारखी शहारायची. कुणीतरी मीच होऊन दुसरीकडे कुठं जगत होतं. मला त्याची भीती वाटायची.

मग चाचा गेले. कापसाच्या त्या खोकल्यानंच गेले. माझ्याच मांडवाखालून त्यांना नेलं.

त्यानंतर माझ्याकडे कुणी फारसं बघेना. छाटणी राहून गेली. माझ्या फांद्या एकमेकींत गुंतल्या, मांडवाखाली दिवसाही अंधारायला लागलं. आणि एका संध्याकाळी, मगरिबची अजान संपता संपता, त्या अंधारातून आवाज आला. "अहं... अहं."

चाचीच्या हातातून वजूचा, नमाजाआधी हातपाय धुण्याचा तांब्या निसटला.

तिचा मुलगा हाशिम बाहेर आला. "क्या हुआ, अम्मी?"

"तू खोकला का?"

"मी तं आत होतो."

तो खोकला माझा नव्हता, मित्रांनो. मला घसा नाही. मीही ऐकला, आणि मांडवाला धरलेले माझे सगळे तणावे आखडले. पुढे तो वरचेवर येऊ लागला. हाशिमला ऐकू यायचा नाही. त्याची बायको रुखसार म्हणायची, "अम्मी, घूस असंल." पण घूस भिंतीकडे तोंड करून खोकत नाही, हे चाचीला पक्कं ठाऊक होतं. तिला झोप लागेना. ती अंगणात पाऊल टाकेना.

त्याच सुमाराला प्रांजली आली. ती शेतकी कॉलेजात शिकत होती. आदल्या हिवाळ्यात छाटणीनंतर पाऊस थांबलाच नव्हता. जालन्याकडच्या बागांवर डावणी पडली होती. डावणी म्हणजे पानामागे पांढरी बुरशी धरणारा रोग. घड जागच्या जागी काळे पडले होते. प्रांजलीच्या मामाची बागही त्यात गेली होती. म्हणून ती गावोगावच्या अंगणांतल्या, विसरलेल्या वेली शोधत हिंडत होती. तिनं माझी पानं उलटी करून बघितली. छाटणी नाही, फवारणी नाही, तरी एकाही पानामागे पांढरं नव्हतं.

"चाची, हिला कधी औषध मारलं?"

"अगं, हिला पाणी कोण घालतं ते इचार आधी."

प्रांजलीनं माझी कोवळी पानं खुडून बर्फाच्या डब्यात ठेवली. तिनं चाचीला सांगितलं ते मीही कान देऊन ऐकलं. प्रत्येक सजीवाच्या आत एक लांबच लांब मजकूर लिहिलेला असतो. अक्षरं चारच, पण त्यांची रांग संपता संपत नाही. त्या मजकुराला जनुकीय माहिती म्हणतात. पान कुटून, रस गाळून, यंत्रात घालून तो वाचता येतो. रोगाला कोण दाद देत नाही, ते त्यात कुठंतरी लिहिलेलं असतं. ते सापडलं, की असल्या वेलीचा आणि गोड द्राक्षांचा संकर करायचा. त्या रोपांचं एवढंसं पान तपासलं, की फळाची वाट न बघता कळतं, कुणात बळ उतरलंय आणि कुणात नाही.

जाताना तिनं काड्या मागितल्या.

"मागू नको. चोर," चाची म्हणाली. "मी तिकडं बघती."

प्रांजली हसली. "नाही चाची, असं नाही चालत. तुमच्या हातानं द्या. ह्या कागदावर सही पण करा."

चाचीनं काड्या दिल्या, सही केली. उन्हाळा कडक होता, काड्या कोवळ्या होत्या. कॉलेजातल्या पिशव्यांत त्या सगळ्या वाळून गेल्या. हंगाम चुकला की रीत चुकली, ते मी सांगू शकणार नाही. प्रांजलीला वाटलं, काही बिघडलं नाही, मूळ वेल परतूरला आहेच, छाटणीच्या वेळी पुन्हा आणू.

आणि इकडे चाचीला वाटलं, त्या पोरीकडे काड्या गेल्यात, आता ही तुटली तरी चालेल.

त्या दोघींच्या समजुतींच्या मधल्या फटीत मी मेले.

पावसाळ्यात एका दुपारी चाची म्हणाली, "हाशिम, आजच काढून टाक." त्यानं कुऱ्हाड आणली. एक घाव घालून तो थांबला, आईकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. पण ती खोकली नाही.

मग खोकला थांबला. अगदी थांबला. पहिले काही दिवस चाची गाढ झोपली. पुढे मात्र संध्याकाळी चहा घेऊन ती त्या उघड्या अंगणात बसायची. चहावर साय धरायची. ती ऐकत बसलेली असायची. जे ऐकून ती थरथरायची, ते आता आलं असतं तर तिनं उठून त्याला बसायला पाट दिला असता.

छाटणीच्या दिवसांत प्रांजली धावतच आली. "चाची, सापडलं! तुमच्या वेलीत आहे ते! डावणीला..." आणि तिला उघडं आभाळ दिसलं. जिथं माझं खोड होतं तिथं हाशिमनं फरशी बसवली होती.

"तुझ्याकडं काड्या दिल्त्या ना मी," चाची म्हणाली.

"त्या लागल्या नाहीत, चाची."

माझा सगळा मजकूर प्रांजलीच्या संगणकात होता, अक्षर न् अक्षर. माझं पान कसं दातेरी, माझा रंग कसा काळा, माझ्यात बळ किती, सगळं. पण मजकूर मातीत लावता येत नाही. त्याला डोळा फुटत नाही.

"मी हातानं दिल्या," चाची पुटपुटली. "ते असते तं खोकले असते. चोरून नेलेल्या तं कुठंबी लागल्या असत्या. ती मेंढ्यावाली घेऊन गेल्ती, राजूरची..."

"राजूर?" प्रांजलीनं मान वर केली. "चाची, राजूरच्या एका पानाची अक्षरं तुमच्या पानाशी तंतोतंत जुळली होती. मला वाटलं, मीच चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, एकच पान दोनदा वाचलं. चूक म्हणून तो नमुना मी बाजूला टाकला."

मित्रांनो, बी पेरलं तर नवं लेकरू जन्मतं. त्याचा मजकूर वेगळा. पण काडी लावली तर ती वेल माझं लेकरू नसते. ती मीच असते. म्हणजे पहाटेच्या त्या घंटा राजूरच्या गणपतीच्या होत्या. ते ओलं नाक आसराबाईच्या मेंढीचं होतं. इतकी वर्षं मी मलाच भीत होते.

प्रांजली चाचीला घेऊन राजूरला आली. देवळाच्या मागच्या बाजूला आसराबाईचं घर. तिचे केस पांढरे झालेले. दारात चाचीला बघताच तिनं ओळखलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बया! भाभी, चोर धरायला आल्या का?"

"हां. इतकी वर्षं लागली सापडायला."

"तेलाच्या डब्यात लावून, घोड्यावर बांधून हिंडवली मी हिला. पोरगं येका काखंत अन् ही घोड्यावर." आसराबाईनं माझ्या खोडावर थापटलं. तेच खोड, तीच दातेरी पानं. "मालक बरे हायेत ना?"

चाचीनं मान हलवली. आसराबाईला कळलं. तिनं पदर तोंडाला लावला.

प्रांजलीनं पिशवीतून कागद काढला होता, तो तिनं हळूच परत आत ठेवला.

"येक काडी दे, बहन," चाची म्हणाली.

"दिऊन लागती व्हय? तुमच्याच मालकानं शिकिवलं मला." आसराबाई उठली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "अहं... अहं."

तोच सूर, तसाच मध्ये थांबणारा. एकदाच ऐकलेला तो खोकला तिनं इतकी वर्षं जसाच्या तसा ठेवला होता. तिच्याही दारात आलेल्या कितीतरी चोरांसाठी वापरला होता.

चाचीचा हात माझ्या काडीवर होता. तिनं काडी तोडली नाही.

"आसराबाई," ती म्हणाली, "अजून एकदा खोक."

तर मित्रांनो, आता मी राजूरला आहे, आणि परतूरच्या त्या अंगणातही आहे, फरशी उखडून केलेल्या आळ्यात, वीतभर. प्रांजलीनं संकर करून केलेल्या कॉलेजातल्या रोपांमध्ये माझी खरी लेकरं वाढताहेत. त्यांच्यात बळ किती उतरलं, ते त्यांचं इवलं पान सांगेल. मला जपा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. एवढंच म्हणेन, की तुमच्याजवळचं जे काही चांगलं आहे, त्याची एक काडी दुसऱ्याच्या दारात असू द्या. आणि कापायला कुऱ्हाड उचलाल, तेव्हा ती काडी तिथं रुजली का, हे आधी जाऊन बघा.

परतूरला आलात तर काडी मागू नका. चाची भिंतीकडे वळून खोकेल, तेव्हा खुशाल तोडा. मात्र तिच्या खोकल्यामागून तोच जुना खोकला पुन्हा आला, आणि अंगणात चाचीशिवाय कुणीच नसलं, तर पळू नका. सलाम करा आणि मग घरी जा.