तळाला गेलेला काटा

"गेला! गेला! काटा तळाला गेला!"

पिवळ्या गाडीच्या खिडकीत डोकं खुपसलेला माणूस ओरडला आणि पत्र्याच्या शेडमध्ये एकच गलका झाला. गाडीचं बॉनेट उघडं होतं. इंजिनावर काळी शाल पांघरली होती. शालीखाली कोपरापर्यंत हात घालून शीतल महाराज डोळे मिटून उभे होते. गाडी नुकतीच शर्यतीच्या सरळ पट्ट्यावरून सुसाट पळून आली होती आणि तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता. महाराजांनी ओठ हलवले मात्र, काटा दगडासारखा खाली पडला.

"इंजिनालाही जीव असतो, लेकरांनो," महाराज म्हणाले. "त्याला राग येतो. रागावलेल्या माणसाच्या डोक्यावर तुम्ही बर्फाची पिशवी आपटता का? नाही ना? त्याची समजूत काढता! मी समजूत काढली. आता दिवसभर काटा वर यायचा नाही. मात्र बॉनेट उघडू नका. उघडलंत, की कृपा उडाली!"

कृपा म्हणजे जणू बाटलीतलं अत्तरच. पण लोकांनी माना डोलावल्या, आणि डोलावतील नाही तर काय! इथे धावणाऱ्या सगळ्या जुन्या गाड्या, घरच्या घरी खटपट करून पळत्या केलेल्या. दोन फेऱ्यांच्या मधे त्या थंड करणं हेच मोठं काम. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत आणायची, बॉनेट उघडायचं, पंखे लावायचे, रेडिएटरवर ओली फडकी टाकायची, आणि मग वाट बघायची. वाट बघण्याचाच सगळ्यांना कंटाळा. शर्यत दोन-दोन गाड्यांची; पुकारा झाला आणि गाडी तयार नसली, तर समोरचा एकटाच धावतो आणि जिंकतो. महाराज वाटच बघायला लावत नव्हते. म्हणून त्यांच्यापुढे रांग लागली होती, आणि शालीशेजारच्या डब्यात पैशांची पाकिटं पडत होती.

बर्फाची बादली हातात धरून मास्तर बाजूला उभे होते. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला, पण फळ्याकडे तोंड केल्याशिवाय ज्याचा आवाज फुटत नसे असा हा माणूस. गाडी पळवायची ती त्यांची लेक. तिने आणलेली दुरुस्तीची पुस्तकं आधी मास्तर वाचायचे, मग ती.

मास्तरांनी एक गोष्ट पाहिली होती. शाल जरा सरकली तेव्हा महाराजांची दोन बोटं इंजिनाच्या डोक्याजवळच्या एका बारीक वायरीवर होती. ती वायर म्हणजे काट्याचा निरोप्या. ती सुटली, की काट्याला निरोपच मिळत नाही आणि तो तळाला जाऊन बसतो. आणि वायर दिसली नसती, तरी एवढं लोखंड पापणी लवेपर्यंत गार कसं होईल? त्यातली आग जाणार कुठे? निदान महाराजांची शाल तरी करपायला हवी होती!

"अण्णा," लेकीने हळूच विचारलं, "खरं असेल का हो हे?"

मास्तरांच्या तोंडात वाक्य तयार होतं. पण भोवती एवढी माणसं, सगळी या धंद्यात मुरलेली. आपण पडलो पुस्तकी किडे. चूक निघाली तर? पोरीचं हसं होईल.

"असेल काहीतरी," ते म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांना स्वतःची लाज वाटली.

पिवळी गाडी त्यांच्या शेजारच्या गॅरेजवाल्याची. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर उडेल असा तो काटकुळा. लेकीला गिअरबॉक्स उतरवायला त्यानेच शिकवलेलं. तो खुशीत होता.

"मास्तर, ओता ती बादली आता झाडाला! बर्फाचे दिवस गेले!"

"पैलवान, जरा..." मास्तर म्हणाले.

"काय?"

"काही नाही. सांभाळून."

पैलवान लगेच पुढच्या फेरीला गेला. अर्ध्या पट्ट्यावरच गाडी आचके देऊ लागली. कसाबसा तो परत आला. करपल्याचा वास येत होता, पण काटा तळालाच होता. इंजिन गारच आहे, पाणी कमी झालं असेल, असं म्हणत त्याने कृपेची पर्वा न करता बॉनेट उचललं आणि रेडिएटरचं झाकण बेधडक फिरवलं.

उकळत्या पाण्याचा फवारा उसळला. पैलवानाची किंकाळी पलीकडच्या शेडपर्यंत गेली.

लोकांनी त्याला नळाखाली नेलं. मनगटापासून खांद्यापर्यंत हात लालबुंद झाला होता. एका वाक्याचं काम होतं. ते मास्तरांच्या जिभेवर होतं.

महाराज मात्र डगमगले नाहीत. "शंका आली असेल मनात! बॉनेट उघडलं ना? पुढची गाडी आणा."

पुढची गाडी लेकीची होती. या गडबडीत उपांत्य फेरी जिंकून ती नुकतीच आली होती. काटा लाल रेघेवर, आणि अंतिम फेरीचा पुकारा केव्हाही होणार. महाराजांनी शाल झटकली.

"हात लावू नका," मास्तर म्हणाले. आवाज चिरकला, पण फुटला.

"अण्णा?"

"पोरी, किल्ली चालूच ठेव. काट्याकडे बघ." मास्तरांनी फडक्यात बोटं गुंडाळली, वाकले आणि ती बारीक वायर ओढली.

"अण्णा, पडला! काटा पडला!"

"बघा, मीही महाराज झालो," मास्तर म्हणाले. त्यांनी वायर परत जोडली. काटा चढून पुन्हा लाल रेघेला भिडला. "महाराज, आता तुम्ही काढा ही वायर. काटा तळाला गेला, की या लोखंडावर तळहात टेकवा. तुमच्या हिशेबाने ते गार असेल."

महाराजांनी हात मागे घेतला. "साधनेच्या वेळी असला पोरखेळ..."

"टेकवा की!" गर्दीतून कुणीतरी गरजलं. "पैलवानाचा हात भाजला, तुमचा का नको?"

एकाने पिवळ्या गाडीच्या इंजिनावर वाकून पाहिलं. सुटलेली वायर त्याने सगळ्यांसमोर वर धरली. महाराज शाल गोळा करायला लागले, पण तोवर लोकांनी शेडचं दार अडवलं होतं.

तेवढ्यात भोंग्यावरून लेकीच्या गाडीचा पुकारा झाला. तिने लाल रेघेकडे पाहिलं, मग नळाकडे. किल्ली मागे फिरवली आणि म्हणाली, "नाही जात मी. पंखे लावा, अण्णा." अंतिम फेरीत समोरचा एकटाच धावला.

मास्तर नळाशी गेले. "पैलवान, मी ती वायर पाहिली होती रे. तुझ्या गाडीच्या वेळीच. बोललो नाही."

पैलवानाने दात आवळून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "एवढी पुस्तकं वाचता मास्तर, ती कुणासाठी?"

मास्तर गर्दीकडे वळले. या वेळी फळा नव्हता, समोर माणसं होती.

"काटा खाली आला म्हणजे आग विझली असं नाही," ते म्हणाले. "कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा, की उष्णता गेली कुठे? आणि विचारायला लाजू नका. मी लाजलो, आणि हात याचा भाजला."