एक ठोका, दोन ठोके

"दाब," गाडीखालून थोरला म्हणाला.

वरून शब्द आला नाही, टणकन एक ठोका आला. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या धाकट्याने दाराच्या पत्र्यावर पाना आपटला होता. एक ठोका म्हणजे क्लचचं पेडल दाबून धरलंय, दोन म्हणजे सोडलंय. हे त्याने मघाशी समोरच्या काचेवर खडूने लिहून दाखवलं होतं. बोलायचं नाही म्हणजे नाही.

थोरल्याने निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायची बारीक तोटी, सैल केला. नळीतून फेसाळलेलं ऑइल बाटलीत उतरलं. निपल आवळून तो म्हणाला, "सोड." दोन ठोके.

गाडी वडिलांची, थोरल्याहून वर्षाने मोठी. उद्या सकाळी नवा मालक तिला घेऊन जाणार होता. थोरल्याने गॅरेज बंद करायचं ठरवलं होतं, आता त्याचे गुडघे ऐकत नव्हते. पण खिळखिळ्या क्लचने तिला दारातून काढायची म्हणजे वडिलांचं नाव घालवणं. म्हणून तीन दिवस एकट्याने खपून त्याने पेडलजवळचा आणि गिअरबॉक्सजवळचा, दोन्ही सिलिंडर बदलले. आत शिरलेली हवा काढणं मात्र एकट्याचं काम नाही. एकाने वर पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली निपल उघडायचा. सकाळभर त्याने सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून पाहिली. काठी दर वेळी निसटली.

शेवटी तो रस्ता ओलांडून धाकट्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि फळीवरच्या खोक्यांकडे बघत म्हणाला, "तासभर पाय हवा होता." नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य. धाकट्याने शटर अर्धं ओढलं आणि मुकाट्याने मागून आला.

खरं सांगायचं तर पाय शेजारच्या शिंप्याचाही चालला असता. थोरल्याला उत्तर हवं होतं. उत्तर ऐकू आल्याशिवाय निपलला हात लावायचा नाही, हा वडिलांचा नियम. पूर्वी याच गाडीखालून तो "दाब" म्हणायचा आणि वरून "धरलं, दादा!" असं अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. ते दादा ऐकायला त्याचे कान आसुसले होते. म्हातारा झाला तरी माणूस किती वेडा असतो!

चूक त्याचीच होती. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळपासून आईचं लक्षण ठीक नव्हतं. धाकटा माल आणायला परगावी गेलेला. उगाच त्याची धावपळ नको, दुरुस्तीला आलेली गाडी गिऱ्हाइकाला देऊन टाकू आणि संध्याकाळी कळवू, असं थोरल्याने ठरवलं. संध्याकाळी कळवायला एकच गोष्ट उरली होती.

"दाब." ठोका. "सोड." दोन ठोके.

बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. बाटलीत स्वच्छ ऑइल येऊ लागलं. हवा गेली होती. थोरल्याने बाहेर येऊन वरच्या डबीत आणखी थोडं ऑइल ओतलं आणि पुन्हा खाली सरकला.

"दाब," तो म्हणाला. ठोका आला. "सोड." दोन आले. पुन्हा. आणि पुन्हा. पेडल घट्ट झालेलं पायाला कळतंच. तरी धाकटा दाबत राहिला.

एकदा ठोक्यावर थोरल्याने निपल उघडला, तोच वरून धाकट्याचा आवाज आला. "हवा कधीच गेलीय."

"माहितेय."

"मग?"

थोरल्याचा हात निपलवरच होता, निपल उघडा. गाडीच्या पोटाकडे बघत बोलणं सोपं होतं. "आईच्या वेळी मी तुला कळवलं नाही. चुकलं रे माझं."

वर सीटची स्प्रिंग करकरली. मग धाकट्याने विचारलं, "तिने माझं नाव घेतलं होतं?"

नाही म्हटलं असतं तर दोघांचंही ओझं हलकं झालं असतं. "घेतलं," थोरला म्हणाला. "दार वाजलं की विचारायची, तो आला का."

वर बघायला तो वळला तशी कोपराने बाटली कलंडली आणि नळी बाहेर पडली. त्याच वेळी वरचा पाय उचलला गेला. ठोका न देता. नळीतलं उरलंसुरलं ऑइल सरसर उलटं चढलं आणि त्यामागोमाग हवा आत गेली. दार उघडल्याचा, पाना ठेवल्याचा आवाज झाला. दोन चपला गाडीशेजारून गेल्या, उंबऱ्याशी थोडा वेळ थांबल्या, मग रस्ता ओलांडून गेल्या.

थोरला कण्हत बाहेर आला, हात पुसून गाडीत शिरला. गुडघे स्टिअरिंगवर आदळले. धाकट्याचे पाय आखूड, त्याने सीट पुढे ओढून घेतली होती, लहानपणापासून ओढायचा तशी. थोरल्याने पेडल दाबलं. ते मऊसूत तळाला गेलं. सगळं मुसळ केरात.

समोर रस्त्यापलीकडे दुकानाचं शटर अजून अर्धंच होतं. गाडीच्या काचेवर धाकट्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, एक धरलं, दोन सोडलं.

उद्या सकाळी गाडी जायच्या आत पुन्हा एक पाय लागणार होता. थोरला गुडघे आखडून तसाच बसून राहिला. सीट त्याने मागे सरकवली नाही.